बाईंनी निवडलेली मुलं

परंड्याच्या बालवाडीच्या गोदावरीबाईंना यंदा साठ वर्षं पुरी होत आहेत. मी शेजारच्या प्राथमिक शाळेतला शिक्षक. बाईंना इतकी वर्षं जवळून पाहतो आहे, पण त्या मला कळल्या आहेत, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पहिली ओळख झाली ती माझ्या कुसुममुळे. पाचवं लागलं तरी पोरगी बोलत नव्हती. तिचं पुढे कसं व्हायचं, या काळजीने आम्हा दोघांना घास गोड लागत नव्हता. बाईंनी मात्र काहीएक न विचारता तिला ठेवून घेतलं.

त्याच वर्षी वरून हुकूम आला, हुशार मुलं हुडका आणि तेवढ्यांचाच पुढचा वर्ग काढा. चार दिवसांनी बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमची कुसुम निवडली." मी हरखून पेढे वाटायला निघालो, तर शेजारचे वकीलसाहेब पेढे घेऊन माझ्याच दारात! समोरच्या तांबोळ्यांचं पोरही निवडलेलं. सगळी गल्लीच तोंड गोड करत होती. मी तसाच बाईंकडे गेलो.

"बाई, मग राहिलं कोण?"

"त्ये अजून कळलं न्हाय मला."

त्या चेष्टा करत होत्या की काय, मला समजेना. पुढे शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा तर माझं धाबंच दणाणलं. त्यांनी कुसुमला नाव विचारलं. ती गप्प.

"हिला कशी काय निवडली?"

"साहेब, सुट्टी झाली की ही ज्याची टोपी त्याच्या हातात देती. कधी चुकत न्हाय."

साहेबांनी सगळ्या टोप्या काढून एका ढिगात कालवल्या. कुसुमने एकेक उचलून वाटली. एकही चुकली नाही.

"पण बाई, ही हुशारीच म्हणायची का?"

"तुमीच सांगा. मला तर सगळ्या टोप्या सारख्याच दिसत्यात."

साहेब चहा घेऊन कुर्डुवाडीच्या गाडीने गेले. वर्ग सुरू झाला आणि त्यात सगळीच मुलं बसली. हे नियमात कसं बसलं, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

कुसुम आता मोठ्या शाळेत जाते. बोलते, पण कमीच. ती हुशार आहे का, असं कुणी विचारलं तर मी गडबडतो. पण तेव्हा तिला घरी पाठवलं असतं तर, हा विचार आजही पाठ सोडत नाही.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. राहिलेलं मूल कोणतं, ते त्यांना अजून शोधायचं आहे. शोधता शोधता त्यांनी शंभरी गाठावी, आणि ते मूल त्यांना कधीच सापडू नये.