बाईंच्या आधी पोचलेलं सामान

मिस्त्रींचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या सामानाला लाकडी खोकी करण्यात गेलं. परदेशी निघालेल्यांचे आरसे, झुंबरं, एकदा तर अख्खा पियानो, सगळं त्यांनी मापात बसवलं. फक्त कुत्र्यासाठी पिंजरा करायचा म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. लहानपणी एकाने पोटरीचा लचका तोडला होता. त्यामुळे टेप मालकाच्या हातात देऊन ते दारातूनच आकडे लिहून घ्यायचे.

बाईंकडे हे चाललं नाही. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. परदेशातली एकुलती लेक त्यांना कायमची घेऊन जाणार होती. सोबत बारा वर्षांचा कुत्रा, त्याला त्या म्हातारबा म्हणायच्या.

"टेप तुमचा, माप तुम्हीच घ्या," बाई म्हणाल्या. "चावायला त्याला दात कुठे उरलेत?"

मिस्त्रींनी जीव मुठीत धरून माप घेतलं. म्हातारबा जांभई देत उभा राहिला.

पिंजरा छान झाला. आत उभं राहता येत होतं, वळता येत होतं, पाय पसरून झोपताही येत होतं. पण म्हातारबा आत पाऊल टाकेना. बाईंचे गुडघे वाकत नव्हते. मग आपलं खोक्यांचं गोदाम बंद झालं की मिस्त्रीच रोज तिकडे जाऊ लागले. आधी बिस्किट ठेवलं, मग पाण्याचं भांडं, मग बाईंचा जुना स्वेटर. महिन्याभरात "चल, आत" म्हटलं की म्हातारबा आपणहून जाऊन बसायचा.

दरम्यान बाईंचा संसार जहाजाने पुढे गेला. पलंग, कपाट, यजमानांची वाचायची खुर्ची. प्रत्येक खोक्यावर मिस्त्रींनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'आईंची खोली'. रिकाम्या घरात एक गादी, दोन कप आणि पिंजरा उरला. बाई चहा करायच्या, मिस्त्री जमिनीवर मांडी घालून प्यायचे. बायकोच्या शेवटच्या आजारपणाबद्दल ते आजवर कुणाशी बोलले नव्हते, बाईंशी बोलले. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

विमानाला आठ दिवस होते. मिस्त्री संध्याकाळी गेले तर दार सताड उघडं, आत शेजारीपाजारी जमलेले. बाई सकाळी गादीवरून उठल्याच नव्हत्या. म्हातारबा भुंकायचा थांबेना, म्हणून शेजारणीने दार उघडवलं होतं.

लेक आली. सगळं आटोपल्यावर ती त्या ओक्याबोक्या खोलीत भिंतीला टेकून बसली.

"आईची एक वस्तू नाही इथे," ती म्हणाली. "सगळं समुद्रात आहे."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मिस्त्रीकाका, ह्याला तुम्ही ठेवता का? तुमचा लळा लागलाय त्याला."

'हो' मिस्त्रींच्या अगदी ओठांवर आलं होतं. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. त्यांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"नको, ताई. तुम्ही एकट्याच जाणार. त्याला न्या."

विमानतळावर माल घ्यायच्या फाटकापाशी मिस्त्री स्वतः त्याला घेऊन गेले. "चल, आत," ते म्हणाले. म्हातारबा मुकाट्याने आत गेला नि स्वेटरवर हनुवटी टेकून बसला. नेहमीसारखं बिस्किट मिळेल आणि दार उघडेल, असंच त्याला वाटलं असणार. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर तिथल्या कामगाराच्या हातात दिला, दाराचे स्क्रू त्यानेच पिळले.

महिन्याभराने लेकीचा फोन आला. सामान आदल्याच दिवशी पोचलं होतं.

"काका, पलंगाचे बोल्ट सापडत नाहीत."

"कपाटाच्या खालच्या खणात, कापडी पिशवीत."

तिकडे खण उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आईची खोली लावू की नको, तेच कळत नाहीये."

"लावा, ताई. आधी पलंग उभा करा. मी सांगतो तसं करा, घाई नको."

तासभर ते फोनवर एकेक बोल्ट सांगत राहिले. पलंग उभा राहिला तेव्हा तिकडून रडण्याचा आवाज आला. ती शांत होईपर्यंत मिस्त्रींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग विचारलं, "म्हातारबा जेवतो का?"

"कालपासून जरा नीट," ती म्हणाली.