भाऊजी आणि भटारखान्यातला पुतळा

माणूस माणसावर जळतो हे मी पुष्कळ पाहिलं आहे. पुतळ्यावर जळणारा माणूस मात्र एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला.

भाऊजी चौदा वर्षं एका युद्धनौकेवर मुख्य आचारी होते. पुढे नौका निवृत्त झाली, धक्क्याला कायमची बांधली गेली आणि तिचं संग्रहालय झालं. मी तिथे तिकीट खिडकीवर बसते. भाऊजीही निवृत्त होऊन घरी बसले आणि ताईच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागले. कांदा असा चिरत नाहीत, गॅस एवढा ठेवत नाहीत. एक दिवस ताईचा मला फोन आला की ह्यांना परत बोटीवर ने, नाहीतर मी तरी तिथे राहायला येते. मग मी दोन-चार जणांकडे शब्द टाकला आणि त्यांना खालच्या मजल्यावरच्या भटारखान्याच्या दारात उभं राहायचं काम मिळवून दिलं. कोणी कशाला हात लावू नये, एवढंच बघायचं.

काम सोपं होतं. अडचण आत उभी होती.

भटारखाना अजून तसाच आहे. जमिनीला बोल्टने पक्की केलेली दोन अवाढव्य पातेली, पत्र्याचं फडताळ, भिंतीवर हुकांची रांग आणि हुकांना लटकलेले मग नि ओगराळी. मधोमध पांढरा एप्रन घातलेला, हातात ओगराळं धरलेला आचाऱ्याचा पुतळा. आणि त्या पुतळ्याला चेहरा होता काडीचा. काडी म्हणजे भाऊजींचा मदतनीस. अंगाने काडी म्हणून नावही तेच पडलं. चौदा वर्षं त्याने बटाटे सोलले, पातेली घासली आणि भाऊजींच्या शिव्या खाल्ल्या. आता एप्रन घालून तो उभा, आणि भाऊजी दारात राखणीला.

भाऊजी सगळ्यांना सांगायचे की मला कुणी विचारलंच नाही. खरं काय ते मला आणि ताईला माहीत आहे. चेहऱ्याचा साचा घ्यायचा म्हणून पहिलं पत्र त्यांनाच आलं होतं. मी काय कपड्याच्या दुकानातला बाहुला आहे, म्हणून त्यांनी ते टराटरा फाडलं. मग संग्रहालयाने काडीला विचारलं. तो बिचारा गेला, तोंडाला प्लास्टर फासून अर्धा दिवस गप्प बसला आणि घरी आला. त्यालाही वाटलं नव्हतं की एवढं होईल.

दर महिन्याचा पहिला रविवार आमच्याकडे कुटुंबांचा असतो. त्या दिवशी बोटीवर पाय ठेवायला जागा नसते. वर डेकवर दोरीच्या गाठी शिकवतात, खलाशाची टोपी घालून मुलांना सुकाणू फिरवू देतात, तोफेच्या नळीत डोकावायला रांग लागते. प्रत्येक मुलाला एक कागद मिळतो, त्यावरच्या दहा गोष्टी बोटभर हिंडून शोधायच्या. आणि शेवटी सगळी वरात उभ्या शिडीने खाली भटारखान्यात उतरते, कारण पुतळ्याबरोबर फोटो. बाप पोरांना पुतळ्याच्या कमरेला टेकवतात, आज्या त्याचा एप्रन सारखा करतात.

पहिल्याच रविवारी एका बाईने भाऊजींना अगदी गोड आवाजात सांगितलं, "काका, जरा बाजूला होता का? आचारी दिसत नाहीयेत."

भाऊजी बाजूला झाले. त्या दिवसापासून त्यांच्या अंगाचा जो तिळपापड सुरू झाला, तो काही थांबेना. डबा खायला माझ्या खिडकीशी आले की पुतळ्याच्या कागाळ्या. एवढा हडकुळा आचारी, त्याच्या हातचं कोण खाईल? उभा कसा राहिलाय बघ, जसं काही सूप त्यानेच केलंय. त्याला मीठ कळत नव्हतं, मीठ! मी म्हटलं, भाऊजी, पुतळ्याला मीठ कळून करायचंय काय? तर तीन दिवस माझ्याशी अबोला. मला तरी काय, माझ्या चेहऱ्याचा कुणी दगडसुद्धा घडवणार नाही. पण माझं पोट दुखत नाही.

मग एके दिवशी ते चमकत्या डोळ्यांनी आले. त्यांना पुतळ्यात चूक सापडली होती. पुतळ्याच्या उजव्या हातात ओगराळं होतं आणि भिंतीवरचे हूक होते पातेल्याच्या डाव्या अंगाला. भाऊजी पक्के डावखुरे. बोटीवर आले त्याच वर्षी त्यांनी सगळे हूक उपटून डावीकडे लावून घेतले होते. फडताळाचं दार डावीकडे उघडतं, आणि पातेल्याच्या काठावरचा रंग उडालाय तोही डाव्याच बाजूला. उजव्या हाताच्या माणसाने तिथे चौदा दिवस काढले नसते.

त्यांनी संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना तीन पानी पत्र लिहिलं. शुद्धलेखन मी तपासलं. पत्रात कुठेही 'मी' नव्हतं. मी म्हटलं, सरळ लिहा ना की तो हात माझा. ते म्हणाले, आपल्या तोंडाने कशाला? त्या आपण होऊन विचारतील, मग हा डावखुरा माणूस कोण होता? मग बघू त्या काडीचं थोबाड किती दिवस टिकतं.

बाईंनी विचारलंच नाही. त्यांना पत्र इतकं आवडलं की त्यांनी आठवड्याभरात कारागीर बोलावला, पुतळ्याचा हात बदलून घेतला आणि बारकाईने पाहिल्याबद्दल भाऊजींना आभाराचं पत्र दिलं. आता पुतळा डाव्या हाताने ढवळू लागला. मुलांच्या कागदावर अकरावा प्रश्नही आला, आपला आचारी कोणत्या हाताने काम करायचा? तोंड काडीचं होतंच, आता हातही काडीला मिळाला. भाऊजींनी आपल्याच पायावर एवढा मोठा धोंडा पाडून घेतला होता की मला हसूसुद्धा येईना.

आणि पुढच्याच रविवारी चिमी येणार होती. चिमी म्हणजे ताईची नात, सात वर्षांची, घरात भाऊजींनंतरची एकुलती एक डावखुरी. आजोबा बोटीवर सगळ्यांना जेवायला घालायचे हे ऐकत ती मोठी झालेली. भाऊजींना बाकी जगाचं काही पडलेलं नव्हतं. चिमीने तो भटारखाना बघावा आणि तो आजोबांचा आहे हे तिला दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले.

गर्दीत पोर चुकेल म्हणून मी खिडकी दुसऱ्या एका मुलीच्या हवाली केली आणि चिमीला घेऊन खाली गेले. ती पुतळ्यासमोर उभी राहिली. त्याचा हात बघून तिचा चेहरा फुलला आणि तिने कागदावर डाव्या हाताने 'डावा' असं लिहिलं. मग सगळीकडे मान फिरवून तिने विचारलं, "आजोबा, मग तुम्ही कुठे उभे राहायचा?"

भाऊजींनी त्या पुतळ्याकडे बोट दाखवून मी हा आहे म्हणावं, तर तोंड दुसऱ्याचं. बरं, हे सगळं मीच केलं म्हणणारी म्हातारी माणसं मुलांना रोज भेटतात. शेवटी ते म्हणाले, "इथेच कुठेतरी."

एवढ्यात वरून कालवा झाला आणि शिडीवरून काडी उतरला. बाईंनी त्याला त्या दिवशी पाहुणा म्हणून बोलावलं होतं, मागे त्याच्या लेकी, जावई, नातवंडं. आमचे आजोबा, आमचे आजोबा, म्हणत पोरं पुतळ्याला बिलगली. भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू कच्चं लिंबू चावलंय. "हात लावू नका," ते एवढ्या जोरात ओरडले की धाकटं पोर रडायलाच लागलं.

फोटोवाल्याने काडीला पुतळ्याशेजारी उभं केलं, त्याच्या हातात दुसरं ओगराळं दिलं आणि पुतळ्यासारखा हात करा म्हणाला. काडीने उजवा हात उचलला. फोटोवाला म्हणाला, डावा. तेव्हा काडीने पहिल्यांदा पुतळ्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ओगराळं खाली ठेवलं.

"हा हात माझा नाही," तो म्हणाला. "तोंड माझं आहे, ते चुकून. हात उस्तादांचा आहे. ते बघा, दारात उभे आहेत. चौदा वर्षं मी ह्यांच्या डाव्या कोपराचे धक्के खाल्लेत, मला ओळखू येणार नाही होय?"

लोक हसले. पण सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. काडीने येऊन भाऊजींचा हात धरला, त्यांना पातेल्याशी नेलं आणि ओगराळं त्यांच्यापुढे धरलं. महिनोन्महिने लोकांना हात लावू नका म्हणणाऱ्या माणसाने डाव्या हातात ओगराळं घेतलं आणि रिकाम्या पातेल्यात एक फेरी मारली. पातेल्याचा काठ जिथे घासला होता, बरोबर तिथे दांडा टेकला. मग न बघताच हात वर गेला आणि ओगराळं हुकावर अडकलं. चिमीने कागदावरच्या 'डावा' शब्दापुढे 'आजोबा' लिहिलं आणि मला दाखवलं.

मला वाटलं, आता तरी हा माणूस निवेल. बसमध्ये मी आणि भाऊजी शेजारी होतो, चिमी माझ्या मांडीवर पेंगत होती. चार थांबे झाले तरी भाऊजींच्या कपाळावरची आठी तशीच. मी विचारलं, आता काय झालं?

"तेसुद्धा त्यानेच बोलायचं," ते म्हणाले. "एक वाक्य मला मिळालं असतं, तर तेही तोच बोलला."

मी कपाळाला हात लावला. बस सिग्नलला थांबली, सुटली. भाऊजी चिमीच्या हातातल्या कागदाकडे बघत होते. जरा वेळाने त्यांनी अगदी हळू विचारलं, "तोंड माझं असतं आणि हात त्याचा असता, तर मी बोललो असतो का गं?"

ताई असती तर तिने काहीतरी सावरून घेतलं असतं. मी म्हटलं, "नाही, भाऊजी."

त्यांनी मान हलवली. उतरायची वेळ आली तेव्हा चिमीला त्यांनी उचलून घेतलं, आणि खाली उतरल्यावर मला म्हणाले की पुढच्या रविवारी काडीला सांग धाकट्या नातवाला घेऊन यायला, मी त्याच्यावर उगाच ओरडलो.