वाकळीचा घास

माझ्या घरात पुढच्या खोलीत सोफा नाही, मशीन आहे. दहा फूट लांब. आलेला पाहुणा आधी तिच्याकडे बघतो, मग बसायला जागा शोधतो आणि शेवटी मधल्या खोलीतल्या पलंगावर टेकतो. मशीन आली त्या दिवशी दारातून आत जाईना, म्हणून खिडकीचे गज काढावे लागले. तहसीलीत कारकून असलेला माझा नवरा एक गज हातात धरून उभा होता. म्हणाला, "पाहुणा आला त त्याले काय मशीनवर झोपवशीन का?"

"झोपवीन," मी म्हटलं, "अन् वरून शिवूनही टाकीन."

सुरतेकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातली ही जुनी मशीन. चिखलीत आमच्या गल्लीत तिला 'लांब हाताची मशीन' म्हणतात. साध्या शिलाई मशीनवर आपण कापड सरकवतो. इथे कापड रुळांवर ताणून बसवायचं आणि दोन मुठी धरून मशीनच त्याच्यावरून फिरवायची, पाटीवर पेन्सिल फिरवावी तशी. वेली, लाटा, कोयऱ्या, मनात येईल ते. वरचं कापड, मधला कापूस, खालचं अस्तर, सगळं एका दमात शिवून निघतं. हाताने शिवायला अख्खा उन्हाळा खाणारी वाकळ दुपारपर्यंत हातात येते. मुलगी लग्न होऊन गेली, घर खायला उठलं, तेव्हा व्हिडिओ बघून बघून मी हे शिकले. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हौसेला गिऱ्हाईक मिळालं की माणूस शेफारतो, हे कुणी सांगत नाही. मी चांगलीच शेफारले.

सासरे गेल्यावर सासूबाई उंद्रीहून आमच्याकडे राहायला आल्या. शेतातली कामं करून उरलेल्या वेळात त्यांनी जन्मभर वाकळी शिवल्या होत्या. पहिल्या दिवशी मशीनभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी निकाल दिला, "लांब हाताची आहे खरी, पण गाठ मारता येत नाही हिले." बरोबरच होतं त्यांचं. मशीन धाग्यांची टोकं तशीच सोडून देते, ती हाताने गाठ मारून आत घालावी लागतात. कडेला लावायची पट्टी, म्हणजे गोट, तोही मी हातानेच घालून घेत असे. ही दोन्ही कामं त्यांनी मागून घेतली. खिडकीशी चटई टाकून बसायच्या, मी मशीन फिरवायची. जेवणाची वेळ झाली की उठून जायच्या आणि ज्वारीची भाकरी टाकून माझं ताट मशीनपाशी आणून ठेवायच्या. स्वयंपाकघरात आमचं कधी पटलं नाही. या खोलीत मात्र पटत होतं, आणि तेवढं मला पुरत होतं.

मग पुण्याच्या एका दुकानवाल्या बाईंची मागणी आली. तान्ह्या बाळांसाठी लहान वाकळी, वीस. आमचं एवढं मोठं पहिलंच काम. मी मऊ कापड आणलं, एकेका वाकळीवर वेगळी वेल काढली, सासूबाईंनी महिनाभर मान वर न करता गोट घातले. पार्सल गेलं. पंधरा दिवसांनी बाईंचा मोबाईलवर फोटो आला. पांढऱ्या वाकळीचा एक कोपरा, आणि त्यात घुसणारी मुंग्यांची रांग. खाली लिहिलं होतं, 'बाळाच्या पांघरुणात हे काय आहे?'

काय आहे ते मलाही कळेना. नमुन्यासाठी एक जास्तीची वाकळ घरी ठेवली होती, तिचा कोपरा उसवला. आतून निघाला वाळलेल्या भाकरीचा तुकडा, नखाएवढा.

खरं म्हणजे तो बघताक्षणी मला सगळं कळलं होतं. आमच्या भागात वाकळ पुरी होत आली की शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा एक तुकडा घालतात. वाकळ उपाशी ठेवू नये. तिचं पोट भरलेलं असलं तर पांघरणाऱ्याचंही भरलेलं राहतं. माझी आईसुद्धा घालायची. म्हणजे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माहीत होतं, म्हणूनच जास्त चिडले. पुण्याच्या बाईंपुढे आपण अडाणी ठरलो, हे मला झोंबलं होतं.

त्या वेळी खोलीत दोन गिऱ्हाईक बायका बसल्या होत्या. मी तो तुकडा सासूबाईंपुढे धरला. "हे काय आहे, आई?"

त्या हसल्या. "घास आहे. लेकरं पांघरतीन नं बाई? मंग उपाशी वाकय कशी द्यायची?"

"वीसच्या वीसांमध्ये घातला?"

"हाव. एकीत घालू अन् एकीत नाही, असं कसं करू?"

गिऱ्हाइकांतली एक बाई म्हणाली, "बरोबरच आहे, आमच्याकडंही घालतेत." तिचं ते बोलणं म्हणजे आगीत तेल. मी म्हटलं, "आई, या वाकयी मशीनच्या आहेत, त्याहिले भूक लागत नाही. अन् तुमच्या हातचा घास इथं कोणालेच नको. याच्यापुढं माह्या वाकयीले हात लावू नका."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सासूबाईंनी सुईत राहिलेला धागा दाताने तोडला, सुई पदराला टोचली, चटई गुंडाळली आणि मागच्या खोलीत गेल्या. इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी मोबाईल उचलला आणि पुण्याच्या बाईंना आवाजी निरोप पाठवला, मोठ्याने, शुद्ध भाषेत: "मॅडम, हाताखालच्या बाईची चूक झाली. तिला मी कामावरून काढून टाकलं आहे." मधल्या चौकटीला पडदा होता, दार नव्हतं.

वीसच्या वीस वाकळी परत आल्या. त्या बाईंनी पुन्हा कधी काही मागवलं नाही. ज्यांच्यासाठी मी घरातलं माणूस हाताखालची बाई करून टाकलं, त्यांना माझं नावही आता आठवत नसेल.

सासूबाई भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत, बोलणंही टाकलं नाही. भाकरी पहिल्यासारखीच टाकायच्या. फक्त माझं ताट मशीनपाशी येणं बंद झालं. जेवायला बसलो की नवऱ्याला वाढायच्या, स्वतःला घ्यायच्या आणि टोपलं मध्ये सरकवून ठेवायच्या. माझ्या ताटात त्या स्वतःच्या हाताने काही घालत नव्हत्या. हे माझ्या लक्षात यायला मला चांगला महिना लागला. लक्षात आल्यावर तरी माफी मागावी की नाही? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. 'म्हातारीचं किती दिवस चालतं बघू' म्हणत मी आपल्या हाताने घेऊन खात राहिले.

त्या हिवाळ्यात मागच्या खोलीत त्यांनी हाताने वाकळ शिवायला घेतली. ती झाली, मग दुसरी. माझ्या मशीनखाली पडलेल्या चिंध्या त्या झाडताना उचलून नेत. मी दोन-तीनदा दारात उभी राहिले, विचारलं मात्र नाही. लेकीसाठी शिवत असतील, असं धरून चालले. माझी नणंद बीबी गावात दिलेली, तिच्याकडे माणसंही पुष्कळ. उन्हाळा संपता संपता सासूबाईंना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. शेवटच्या दिवशी मी चमच्याने पाणी पाजलं, ते त्यांनी घेतलं. तेवढंच माझ्या पदरी.

तेरवी झाल्यावर नणंदेने त्यांची पेटी उघडली. दोन वाकळी घडी घालून ठेवलेल्या. वरची तिने ओढली, कोपरा चिमटीत धरून चाचपला आणि तिचे डोळे भरले. "हे पाय वयनी, घास घातला मायनं." मी हात लावून बघितला. कापडाच्या आत बारीक, टणक खडा लागला.

"अन् ही तुही," ती म्हणाली. "मले फोनवर सांगतलं होतं तिनं, एक सुनीची आहे म्हनून. तुह्याच चिंध्या नाहीत का ह्या?"

माझ्याच होत्या. त्या वीस वाकळींच्या मऊ कापडाच्या उरलेल्या पट्ट्या, एकेक जोडून लावलेल्या. टाके असे बारीक की माझी मशीन झक मारेल. मी चारही कोपरे चाचपले. काही लागलं नाही. चुरा झाला असेल म्हणून कात्री घेतली आणि नणंदेच्या देखत एकेक कोपरा उसवला. कापड, कापडाखाली कापड, आणि बाकी काही नाही.

रागाने घातला नाही म्हणावं, तर चिंध्या वेचून वेचून दोन महिने कोण शिवत बसतं? त्यांनी फक्त माझं ऐकलं होतं. लेकीच्या वाकळीत रीत पाळली आणि माझ्या वाकळीत माझा शब्द.

नणंद म्हणाली, "तूच घाल नं एक तुकडा, अन् शिवून टाक." मी नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी टोपल्यात भाकरी होती, ज्वारीचीच, पण ती मी केलेली होती. वाकळ माझ्या पलंगावर आहे. तिचे कोपरे अजून उघडेच आहेत.