वीस मिनिटांचं औषध

स्कॅनच्या खोलीतल्या ताई एरवी शांत, पण त्या दिवशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेंदूतले डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन झेलणाऱ्या जागा, मोजून घ्यायला आलेल्या शिंपीकाकांनी कालपासून कंपवाताच्या गोळ्या बंद ठेवल्या होत्या, कारण गोळी पोटात असली की मोजमाप चुकतं. हात असे थरथरत होते की जन्मभर लोकांची बटणं लावणाऱ्या माणसाला स्वतःचं बटण लागेना.

शिरेतून द्यायचं किरणोत्सारी औषध तयार होतं. ते दर वीस मिनिटांनी निम्मं होतं, आणि मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या सहीशिवाय टोचता येत नाही. साहेब मात्र खाली पाहुण्यांबरोबर फोटो काढून घेत होते. ताईंनी तीनदा फोन केला. साहेब तासाभराने उगवले, तोवर औषधात काही राम उरला नव्हता.

"पुढच्या आठवड्यात बोलवा परत," साहेब म्हणाले. "रद्द का झालं तिथे लिहा, पेशंट हलला."

ताईंनी आधी काकांचं बटण लावलं. मग फॉर्मवर लिहिलं, 'साहेब फोटो काढत होते, औषध वाया गेलं.' कागद साहेबांपुढे सरकवून त्या म्हणाल्या, "करा सही. हिच्यासाठीच काका तासभर पडून होते."