सही आणि कुलूप एकाच वेळी

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहणारी सिद्धेश्वरी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवते. एकदा कुंभारी गावाजवळच्या एका छोट्या दवाखान्यातल्या नर्स यशोदाताई तिच्याकडे आल्या. त्या पेशंटांचे रिपोर्ट मोबाइलवरून शहरातल्या डॉक्टरांना पाठवत. त्यातला एका बाईचा टीबीचा रिपोर्ट वाटेत कुठंतरी फुटला, गावभर झाला आणि तिनं दवाखान्यात येणंच सोडलं.

"डॉक्टरशिवाय कुनी वाचू नये, आन् मीच धाडलाय हे त्यास्नी कळावं. जमंल का तुमाला?" यशोदाताईंनी विचारलं.

सिद्धेश्वरी हो म्हणाली. आधी मजकूर कुलूपबंद करायचा आणि मग त्यावर नर्सची डिजिटल सही करायची, असं अ‍ॅप तिनं बनवलं. कॉलेजात सगळ्यांना दाखवलं, तेव्हा तिची सहकारी उर्वी उठली. तिनं बंद रिपोर्ट वाटेत अडवला, वरची यशोदाताईंची सही काढून आपली लावली आणि पुढे पाठवला. आतलं तिला वाचता आलं नाही. पण रिपोर्ट उर्वीनंच पाठवलाय, असं पलीकडच्या कॉम्प्युटरनं मुकाट मानलं.

विभागप्रमुख म्हणाले, खेड्यात एवढं कोण करायला बसलंय, चालवून घ्या. सिद्धेश्वरीचा चेहरा पडला होता, तरी तिनं अ‍ॅप तिथंच मागे घेतलं.

"कुणीही काढून टाकावी, तिला सही कशी म्हणायची?" ती म्हणाली.

आता सही आणि कुलूप वेगळं ठेवायचंच नाही, असं तिनं ठरवलं. एलिप्टिक कर्व्हचं गणित तिनं हाताशी घेतलं. त्या वक्ररेषेवर एका बिंदूपासून पुढच्या बिंदूवर जाणं सोपं, पण कसं आलो ते उलटं शोधणं जवळपास अशक्य. त्यामुळे लहानशी किल्लीही भक्कम ठरते आणि यशोदाताईंच्या जुन्या मोबाइललाही झेपते. नर्सची गुप्त किल्ली आणि जिनं कुलूप लागतं पण उघडत नाही अशी डॉक्टरांची जाहीर किल्ली एकाच हिशेबात गुंफायची, पाठवणाऱ्याचं नाव त्यातच मुरवायचं. नाव किंवा एखादं अक्षर जरी बदललं, तरी रिपोर्ट पलीकडे उघडणारच नाही.

उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात गेली. आई गिरिजाबाई ताट वाढून सोलापुरी कानडी वळणानं हाका मारत, "साकु की आता, पुरे झालं." ती जेवायची आणि परत बसायची. प्रत्येक नवी मांडणी स्वतःहून उर्वीला द्यायची, फोडून दाखव म्हणायची. सुरुवातीच्या मांडण्या उर्वीनं फोडल्याही. शेवटची तिला फुटली नाही, बाहेरगावच्या जाणकारांनाही नाही.

यशोदाताईंनी त्या बाईला पुन्हा तपासणीला राजी केलं आणि रिपोर्ट तिच्यासमोरच पाठवला.

"आता कोन वाचनार?" बाईनं विचारलं.

"डॉक्टर आन् मी. दुसरं कुनी न्हाय."

मग औषधाला कधी येऊ, असं तिनं हळूच विचारलं.

यशोदाताईंनी हे सिद्धेश्वरीला फोनवर सांगितलं. पण तुमचा मोबाइल हरवला तर त्यातली किल्ली लगेच रद्द करता यायला हवी, ते दाखवायला उद्या येते, एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्कूटी कुंभारीच्या रस्त्याला वळवली.