दूध वर यायच्या आत आमेन

कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर साठतात ना, तसे आमच्या प्रार्थनासभेचे किस्से साठलेत. एक ट्रॉली रिकामी होईतो मागं तीन येऊन उभ्या, आणि प्रत्येकाचा हॉर्न चालू! एक किस्सा सांगायला घ्यावा तर मागचा ओरडतो, "आवं, आमचा नंबर कवा?"

बाकी जगात 'सीझन' म्हटलं की कुणाला लग्नं आठवत असतील, कुणाला आंबे. आमच्या सांगली-साताऱ्याकडं सीझन एकच. उसाचा! दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटतो, आणि उन्हं चांगली तापेपर्यंत साखर कारखाना थांबत नाही. मी तिथं लॅबमध्ये केमिस्ट. रस तपासा, मळी तपासा, साखर तपासा. पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळं पोटाला कळत नाही आता जेवायचंय की झोपायचंय.

त्यात आम्ही ख्रिस्ती. आमचा नाताळ, नवं वर्ष, उपवासकाळ, सगळं नेमकं सीझनमध्ये येतं. एकदा वैतागून मी बोलून गेलो, "प्रभू येशू जुलैत जन्मला असता तर मला निवांत रजा मिळाली असती."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जुलैत तुम्ही मेंटेनन्सचं कारण सांगितलं असतं!"

* * *

कारखान्याच्या कॉलनीत ख्रिस्ती घरं तीनच. एक आमचं. दुसरं शिमोनकाकांचं, ते बॉयलरवर आहेत, वयानं आमच्यात सगळ्यात मोठे. तिसरं रूथसिस्टरचं, त्या कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. दर बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा. जमेल तेव्हा सांगलीहून पाळकसाहेब मोटरसायकलवर येतात. अंगावर स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी आली म्हणून हमखास उशीर.

एका वर्षी ऊस एवढा आला की आम्ही सगळेच टेकीला आलो. बुधवारी कुणी डुलकी घेतंय, कुणी घड्याळ बघतंय. शेवटी मीच म्हटलं, "असं करू, सीझन संपेपर्यंत सभा बंद ठेवू. देव काय समजून घेणार नाही का?"

शिमोनकाकांनी जांभई दिली. रूथसिस्टर खाली बघत राहिल्या. मला वाटलं, ठराव पास!

तेवढ्यात सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "चालेल. मग स्वयंपाकपण होळीनंतरच करते. तुम्ही काय समजून घेणार नाही का?"

सभा चालू राहिली.

* * *

चालू राहिली, पण आटोपशीर करायची ठरली. एक गीत, बायबलातलं एक वचन, एक प्रार्थना आणि चहा. अडचण एकच. पाळकसाहेबांची प्रार्थना! माणूस देवासारखा, पण प्रार्थनेला बसले की आधी कॉलनी, मग तालुका, मग जिल्हा, मग राज्य, असं करत करत साऱ्या जगाला फेरी मारून येणार.

सुनंदानं नियम काढला. प्रार्थना सुरू झाली की गॅसवर चहाचं दूध ठेवायचं. दूध वर यायच्या आत आमेन!

पहिल्या बुधवारी पाळकसाहेबांनी हसून मान्य केलं, आणि नेहमीसारखी सुरुवात केली. कॉलनी झाली. तालुका झाला. स्वयंपाकघरातून दूध तापल्याचा वास यायला लागला. आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण लक्ष तिकडं. साहेब जिल्हा ओलांडून पुढं निघाले, तशी सुनंदा डोळे मिटूनच मोठ्यानं म्हणाली, "साहेब, राज्य राहू द्या, दूध चाललं!"

"आमेन!" साहेब म्हणाले.

ही त्यांची आजवरची सगळ्यात छोटी प्रार्थना. पुढच्या बुधवारी येताना त्यांनी सांगलीहून दुधाची पिशवी आणली. म्हणाले, "जरा जास्त दूध ठेवत जा, वहिनी. उकळायला वेळ लागेल."

* * *

शिमोनकाकांची पहाटेची पाळी असली की संध्याकाळी त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. त्यांना मी दोनदा सांगितलं, "काका, घरी पडा. नका येऊ."

"येतो की. पडायचंच तर देवापुढं पडतो!"

एका बुधवारी आम्ही गुडघे टेकून मूक प्रार्थना केली. थोड्या वेळानं एकेक जण उठून बसला. काका मात्र गुडघ्यावर तसेच, कपाळ खाटेच्या कडेला टेकलेलं. कुणाची हलायची छाती होईना. पाळकसाहेबांनी ओठावर बोट ठेवलं. हळूच मला म्हणाले, "बघा. दिवसभर आगीपुढं राबून माणूस किती खोल प्रार्थनेत उतरलाय!"

साहेबांचे डोळे खरंच भरून आले. तेवढ्यात एक दणदणीत घोरणं ऐकू आलं.

रूथसिस्टरनं तोंडाला पदर लावला. साहेबांनी काकांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. काका ताडकन उठून उभे राहिले, समोर भिंतीकडं डोळे फाडून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब, बॉयलरच्या पान्याची लेवल बराबर हाय!"

साहेबांना वाटलं आपल्यालाच सांगितलं. म्हणाले, "देवाची स्तुती असो."

* * *

सुनंदा जवळच्या गावात शाळामास्तरीण आहे. माहेर रहिमतपूरचं, त्यामुळं बोलणं एकदम सरळ. एकदा पाळकसाहेबांनी सांगितलं, "रोज थोडा शांत वेळ देवाला द्या."

"शांत वेळ? साहेब, घरी ह्यांच्या पाळ्या, शाळेत पोरं. शांत वेळ मला रिटायर झाल्यावरच मिळेल."

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. पाळी बदलताना कारखान्याचा भोंगा वाजतो, तो दुपारी बाराला शाळेतही ऐकू येतो. तिनं ठरवलं, भोंगा वाजला की असेल तिथं डोळे मिटायचे, मनातल्या मनात एक वाक्य देवाशी बोलायचं आणि कामाला लागायचं. भोंगा संपला की प्रार्थना संपली.

एक दिवस केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. ते वर्गाच्या दारात यायला आणि बाराचा भोंगा व्हायला एकच गाठ! बघतात तर बाईंचे डोळे मिटलेले, आणि झाडून सगळ्या पोरांचेही! सुनंदानं पोरांना कधी काही सांगितलं नव्हतं. तिला तर पोरं डोळे मिटतात हेच माहीत नव्हतं. तिचे स्वतःचे मिटलेले असायचे ना!

भोंगा थांबला. केंद्रप्रमुखांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "हे काय चाललंय गं?"

ती उभी राहिली. "सर, भोंगा झाला की बाई रागवायच्या थांबत्यात. म्हणून आमी बी गप बसतो."

केंद्रप्रमुखांनी शेरा मारला: वर्गाची शिस्त उत्तम.

* * *

आता लॅबमधला. माझ्या शेजारच्या टेबलावर मगदूम. कुंडलच्या बाजूचा, जैन. घरची शेती, घरचाच ऊस, आणि नियमाचा असा पक्का की सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घेणार नाही. दुपारची पाळी असली की त्याची पंचाईत. नेमकं संध्याकाळी नमुन्यांची रांग लागते. म्हणून दिवस कलला की मी त्याला म्हणायचो, "जा, डबा खाऊन ये. तुझं टेबल मी बघतो." तो पळत जायचा, पश्चिमेकडच्या खिडकीत उभ्या उभ्या जेवायचा, एक डोळा भाकरीवर, एक डोळा सूर्यावर!

त्यावर आम्ही कधी चर्चा केली नाही. सवयच होऊन गेली.

नाताळ जवळ आला. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. माझी नेमकी पहाटेची पाळी, आणि नाताळची उपासना सांगलीला सकाळी. सुनंदा म्हणाली, "मी पुढं जाते, तुम्ही जमलं तर या." ती रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिनं माझा इस्त्रीचा शर्ट मुकाट्यानं कपाटात परत ठेवला. सगळं सगळं जमवतो आपण, आणि जे मुळातलं तेच राहून जातं.

दुसऱ्या दिवशी मगदूम टेस्टट्यूब धुता धुता म्हणाला, "नाताळला दोन्ही टेबलं मी बघतो. साहेबांना इचारलंय."

"अरे, एकट्याला झेपेल का? सीझन ऐन भरात आहे!"

"झेपतंय गड्या. तू रोज माझा सूर्य सांभाळतोस. एक दिवस तुझा तारा मी सांभाळतो की!"

* * *

नाताळच्या आधी आम्ही घरोघरी गाणी म्हणत फिरतो. पेटी, ढोलकी, टाळ, आणि हातात कागदाचा तारा. तीन घरं किती वेळात संपणार? म्हणून एका संध्याकाळी यार्डाकडच्या रस्त्यानं निघालो. तिथं ट्रॅक्टरची ही मोठी रांग! गव्हाणीत, म्हणजे जिथून ऊस आत जातो तिथं, काहीतरी अडकलेलं. ड्रायव्हर मंडळी सकाळपासून खोळंबलेली, प्रत्येकाच्या टेपवर वेगळं गाणं.

एकानं हाक मारली, "ओ तारावाले, आमच्यापुढं बी म्हना की काहीतरी!"

आम्ही तिथंच उभे राहिलो. त्यानं आपला टेप बंद केला. मग शेजारच्यानं केला. दोन गाणी झाली. आणि काय सांगू, दुसरं गाणं संपायला आणि रांग हलायला एकच गाठ! ड्रायव्हरनं इंजिन चालू करता करता आम्हाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी यार्डाचे सुपरवायझर मला शोधत थेट लॅबमध्ये. म्हटलं, झालं! आता तक्रार!

"कालच्या गाण्यानं रांग हलली म्हणत्यात."

"अहो, तो योगायोग..."

"ते असू दे. आज परत अडकलंय. तुमची माणसं कवा मोकळी हाईत?"

* * *

रूथसिस्टर बोलतात कमी. त्या वर्षी ऊसतोड मजुरांच्या तळावर तापाची साथ आली, आणि दवाखान्यात त्या जवळजवळ एकट्या. त्यांनी पाळकसाहेबांना फोन केला. "साहेब, माझ्याच्यानं होत नाही. पवित्र शास्त्र उघडून किती दिवस झाले आठवत नाही. प्रार्थनेला बसले तर शब्द येत नाहीत. आतून कोरडी पडलेय मी."

पाळकसाहेब हलले. चार वचनं काढली, काय बोलायचं ते मनाशी जुळवलं आणि दुपारीच सांगलीहून निघाले. दवाखान्यात पोचले तर बाहेर ओटीपासून माणसं. आत सिस्टर एका लहान मुलीला गार पाण्यानं पुसून काढत होत्या. मुलगी तापानं फणफणलेली, आई बाजूला रडतेय.

साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही फोनवर जे बोललात त्याबद्दल..."

"साहेब, आधी ते पातेलं धरा."

त्यांनी धरलं. मग पाणी बदलून आणलं. मग दुसरा पेशंट, मग तिसरा. कानटोपी खिशात, बाह्या वर. दिवे लागायच्या वेळेला त्या मुलीचा ताप उतरला, आणि तिनं साहेबांकडं बोट दाखवून आईला विचारलं, "ह्यो नवा कंपाउंडर हाय का?"

साहेब निघाले तेव्हा एकही वचन सांगून झालेलं नव्हतं. दारात सिस्टर म्हणाल्या, "बरं वाटलं साहेब. आज लय दिवसांनी प्रार्थना झाली."

* * *

आणि एक गुड फ्रायडे.

सीझन लांबला होता. त्याच सकाळी शेवटची ट्रॉली आत गेली, पण आतलं काम अजून चालू होतं. दुपारी बारा ते तीन आमच्या घरी उपासना ठेवली होती. येशूच्या वधस्तंभावरच्या शेवटच्या सात उद्गारांवर पाळकसाहेब बोलणार. मी आणि शिमोनकाका पहाटेच्या पाळीवरून जरा आधी सुटून आलो, आंघोळ केली, पांढरे कपडे घातले आणि बसलो. रूथसिस्टर आल्या. मगदूमही आला, दाराजवळ बसला.

कारखान्याच्या आवाजाबद्दल सांगायला पाहिजे. तो आवाज आम्हाला ऐकूच येत नाही, एवढी सवय. दिवाळीपासून भिंती घुमतात, भांडी बारीक थरथरतात, आणि आम्ही सगळे एकमेकांशी ओरडून बोलतो. बॉयलरपाशी जन्म घालवून शिमोनकाकांना तर दोन्ही कानांनी कमीच ऐकू येतं. त्यांना काही सांगायचं तर खांद्याला हात लावून तोंडापुढं तोंड न्यावं लागतं. पाळकसाहेबही आमच्याकडं आले की आवाज चढवूनच उपदेश करतात.

पाचवा उद्गार चालला होता. पाण्याचा घोट मागणारा. साहेब वर मान करून मोठ्यानं बोलत होते.

आणि कारखाना थांबला. एकदम नाही. आधी एक घरघर कमी झाली, मग दुसरी, मग खिडकीच्या काचा स्थिर झाल्या. शेवटी वाफेचा एक लांब सुस्कारा, आणि मग काहीच नाही.

साहेबांना कळलंच नाही. ते त्याच चढ्या आवाजात बोलत राहिले. त्या शांततेत तो आवाज केवढा मोठा वाटला! सुनंदा दचकली. रूथसिस्टरनी इकडंतिकडं बघितलं.

शिमोनकाका खाली मान घालून बसले होते. त्यांनी मान वर केली. तोंड किंचित उघडं, चेहरा दाराकडं नाही, खिडकीकडं नाही, कुठंच नाही. मग हात वर केला, आणि आयुष्यभर ओरडून बोलणारा तो माणूस अगदी हळू म्हणाला,

"साहेब, आता बोलू नगा. मला ऐकू याला लागलंय."

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं, आणि तेही ऐकायला खाली सतरंजीवर आमच्यात येऊन बसले.