टाक कुणाच्या देव्हाऱ्यात

गुंडूदादा जाधवांचं नाव आधी लिहितो. बाकीच्या भानगडी सांगत बसलो तर ते मागं पडेल, आणि त्यांच्याशिवाय माझं पुण्यातलं काहीच सांगता येत नाही. माझ्या आजोबांचे जे मामा, त्यांचे हे पणतू. त्यांचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, आमच्या बेंबळीहून बैलगाडीनं जाण्यासारखं. पण पूर्वी मधे सरहद्द होती. ते इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या, म्हणजे मोगलाईत.

मी बेंबळी सोडली तेव्हा मोगलाई जाऊन काही वर्षं झाली होती. शाळा वडील वारले तेव्हाच सुटलेली. लग्न झालं, मुलगी झाली, आणि गावात कामाचे दिवस कमी पडू लागले. एस.टी. उभी होती. बायको मुलीला कडेवर घेऊन जरा लांबच थांबली. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "पुण्यात गुंडू हाय. त्याच्या सावलीला ऱ्हा. आन् मोगलाईतला हाय असं कुनाला सांगू नगंस, हसत्यात."

"आता कुठं राहिली मोगलाई, आई?"

"सरकारची गेली. लोकांच्या तोंडातली न्हाय गेली."

गुंडूदादांनी मला एका छापखान्यात लावून दिलं. रात्री तिथंच कागदाच्या गठ्ठ्यांवर निजायचो. ते स्वतः एका मंडळाच्या चाळीत राहत. जर्मनच्या लढाईत पडलेल्या शिपायांच्या वारसांचं ते मंडळ. दारातच शिळा, तिच्यावर नावं. वंशज असाल तर मेंबर, मेंबर असाल तर खोली. पण एका नावाला एकच.

माझे आजोबा तुकाराम माने त्याच लढाईत समुद्रापार गेले, ते आलेच नाहीत. भरतीच्या वेळी मोगलाईतल्या पोराला उलटसुलट विचारतील म्हणून मामानं त्यांना आपलाच मुलगा म्हणून उभं केलं होतं. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. शिळेवर 'तुकाराम जाधव' वाचलं आणि हे आपलेच आजोबा, हे मी ओळखलं. खोली मिळाली तर बायको-मुलीला आणता येईल. गुंडूदादांना एकदम आनंदाची बातमी देऊ म्हणून त्यांना न विचारताच मी चिटणीसांपुढं उभा राहिलो.

चिटणीस माझ्याकडं बघतच राहिले. "या नावावर जाधव राहतात इथं. मोगलाईतनं येतोस आणि आमचा मेलेला माणूस चोरतोस होय रे?"

दादांची खोली याच नावावर आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. संध्याकाळी दादांच्या दारात गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. वहिनी ताट वाढताना म्हणाल्या, "भावजी, खोली मागायला आमचंच दार सापडलं व्हय?" दादा खाली मान घालून जेवत होते. हात धुताना एवढंच म्हणाले, "रविवारी कमिटी हाय. तिथं बोलू."

काय बोलू, ते नाही सांगितलं.

मी रजा टाकून बेंबळी गाठली. आमच्या देव्हाऱ्यात आजोबांचा टाक आहे, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला घोडेस्वार. लढाईत पडलेल्याचा असा वीर करून पुजतात. तो नेऊन दाखवावा म्हटलं. आईनं देव्हाऱ्यापुढं आडवा हात धरला. "देव काय जामिनाला ठेवायचे असत्यात? बसल्या जागचा हलवायचा न्हाय." मी रडकुंडीला आलो. ती बधली नाही. रिकाम्या हातानं परत आलो.

रविवारी कमिटी बसली. छापखान्याचे मालकही त्यात. आत जाताना ते हळूच म्हणाले, "खोटं निघालं तर उद्यापासून येऊ नको." अध्यक्ष पेन्शनीतले सुभेदार. त्यांनी कागद बाजूला सारले. म्हणाले, "कागद जाधवांच्या बाजूनं आहेत, ते दिसतंच आहे. मला एकच सांगा. तुकारामाचा टाक कुणाच्या देव्हाऱ्यात आहे?"

"आमच्या," मी म्हणालो.

"दाखव."

"आईनं हलवू दिला नाही."

दोघं-तिघं हसले. सुभेदार दादांकडं वळले. "आणि तुमच्याकडं?"

दादांनी 'आहे' म्हणून नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. गावी जाऊन कोण बघणार होतं? मालकांनी माझ्याकडं पाठ केली. मला वाटलं, संपलं, आता लबाड म्हणूनच गावी जायचं. दादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"न्हाय, साहेब. आमच्यात टाक न्हाय. भाच्याचा वीर मामाच्या देव्हाऱ्यात बसत नसतो. तुकारामतात्या माझ्या आज्याचे आत्तेभाऊ. वडलांनी मेंबरकी घेतली तवा ही माणसं सरहद्दीपल्याड, इचारायला कोन येनार? मीबी तशीच चालवली. नाव ह्याच्या आज्याचं हाय."

"खोली सोडावी लागेल, जाधव."

"ठावं हाय."

मी हात जोडले, दोघांनाही राहू द्या म्हणालो. नियमात बसेना. दादांनी नदीपलीकडं भाड्याची खोली बघितली. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत, पण जाताना जमीन सारवून गेल्या. माझी बायको आली तेव्हा सारवण अजून ओलसर होतं.

गावाकडचे तुम्ही लोक म्हणता, पोरगा पुणेकर झाला. चाळीत मी अजून मोगलाईवाला. बेंबळीत आई आहे, देव आहेत, पण चूल पेटत राहील असं काम नाही. इथं काम आहे, मुलगी शाळेत जाते, आणि रात्री दार लावताना दुसऱ्याच्या घराची कडी लावल्यासारखं होतं. घर आपल्या रक्ताचं असतं असं मी समजत होतो. मला ते एका माणसाच्या तोंडून निघालेल्या 'न्हाय'नं मिळालं, आणि त्याचं त्यापायी गेलं.

दादा अजून सणाला येतात, उंबऱ्याशीच बसतात. आत या म्हटलं की हसतात. गुंडूदादा, मी शिकलेला नाही, मोठं बोलता येत नाही. पण तुम्हाला आणि वहिनींना मी हक्काच्या छपराखाली नेऊन बसवीन. कधी ते आज सांगता येत नाही. नेईन मात्र नक्की.